जॅक का बसला

आमच्या घरामागे पत्र्याचं शेड आहे. तिथं यांनी वीस-बावीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्या. सावद्याहून केळी भरून निघणाऱ्या पिकअप, ट्रॅक्टर, ट्रॉल्या, कधी एखादा ट्रक. शेडला पाटी नव्हती. ड्रायव्हर एकमेकांना "भाऊकडे टाक" म्हणायचे, तेवढ्यावर चालायचं.

दोन वर्षांपूर्वी पौषात यांचा उजवा हात एका पिकअपखाली सापडला. गाडी जॅकवर उचललेली होती. चाक काढून ठेवलं होतं आणि हे खाली हात घालून काहीतरी सोडवत होते. जॅक आधी बोटभर सरकला असेल, मग एकदम बसला. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. यांच्या ओरडण्याचा आवाज आलाच नाही. ड्रायव्हर ओरडला. मी धावत गेले तर हे गप्प बसले होते, गाडीला टेकून, जसं कोणी सावलीला बसतं. हात मात्र दिसत नव्हता.

तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली, पण मनगट वळत नाही. हे चमचा डाव्या हातानं धरायला शिकले. शर्टाची बटणं मी लावते.

तरी लोक येत राहिले. कारण हात गेला तरी यांचे कान होते. हे शेडमध्ये खाटेवर बसायचे, ड्रायव्हरला गाडी चालू करायला सांगायचे, डोळे मिटून ऐकायचे आणि सांगायचे, पट्टा घासतोय, नाहीतर पंपात हवा धरलीय. मग तो ड्रायव्हर दुसरीकडे जाऊन तेवढंच काम करून घ्यायचा. परत येऊन सांगायचा, भाऊ, तेच निघालं. त्या दिवशी हे एक भाकर जास्त खायचे.

अपघाताचं बोलणं निघालं की लोक ठोकळ्याचं काढायचे. गाडी जॅकवर उचलली की शेजारी लाकडाचा ठोकळा लावायचा असतो, म्हणजे जॅक बसला तरी गाडी ठोकळ्यावर राहते. त्या दिवशी दोन मिनिटांचं काम म्हणून यांनी तो लावला नव्हता. हे कधी नाकारायचे नाहीत. "ठोकळा नही लावला, ती माझी चूक. मान्य हाये," म्हणायचे. "पन जॅक बसलाच काबर? त्याच्यातले रबराचे वायसर झिजले असतीन तं ते त्याचं वय. माझ्या हातानं काही झालं असीन, तं मग हात तं गेलाच, माझ्या डोक्यावर बी भरवसा राह्यला काय?"

हे असं पन्नास वेळा बोलून झालं असेल. जॅक तेव्हापासून कोपऱ्यात गोणपाटाखाली पडून होता. मी एकदा भंगारवाल्याला थांबवलं होतं, तर हे एवढे चिडले की तो माणूस तराजू घेऊन पळाला.

या वर्षी पाडवा झाल्यावर एका सकाळी मला म्हणाले, "तो जॅक काढ तथून."

"काबर?"

"खोलाचा हाये."

"एका हातानं?"

"तुझे दोन हायेत ना. तीन झाले. पुष्कळ झाले."

मी गोणपाट ओढलं. आत विंचू नाही ना ते आधी काठीनं बघितलं. जॅक म्हणजे मोठा, जमिनीवर ओढायचा, चार चाकांचा. पुढं वजन घेणारी वाटी, मागं लांब दांडा, मधे पोटात तेलाचा पंप. दांडा वरखाली केला की तेल दट्ट्याला ढकलतं आणि दट्ट्या गाडी उचलतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तेव्हा तो मला नुसता गंजलेला, जड, वाईट दिसला. त्याच्या वाटीत कोळ्यानं घर केलं होतं.

उन्हाळ्यात दहानंतर पत्र्याखाली बसवत नाही, म्हणून आम्ही उजाडलं की बसायचो. मी रॉकेल लावून तारेच्या ब्रशनं गंज काढायचे. हे डाव्या पायानं जॅक दाबून धरायचे आणि पान्याचा नंबर सांगायचे. पहिल्या दिवशी मी नट घट्ट करत बसले होते.

"उलटा फिरव, उलटा."

"कोनता उलटा?"

"भाकर थापतानी फिरवतं ना, त्याच्या उलटा."

मी हवेत हात फिरवून बघितला आणि मग पाना फिरवला. नट सुटला. हे हसले. बऱ्याच दिवसांनी हसले, म्हणून मला तो नट लक्षात आहे.

तिसऱ्या दिवशी तेल काढायचं होतं. हे म्हणाले, "तेलाचा प्लग काढ." मला तो रबरी प्लग कुठं असतो ते माहीत होतं. माझा हात तिकडे गेलासुद्धा. मग मी हात मागं घेतला आणि विचारलं, "कुठी?" यांनी पायाच्या अंगठ्यानं दाखवला. "हा. तुले कसा दिसीन, चिखलात बसला हाये." मी तो जणू पहिल्यांदा बघतेय असा काढला.

असं का केलं ते सांगते. त्या प्लगचा आणि माझा एक जुना विषय होता, तो यांना कळू नये असं मला वाटत होतं. मला वाटत होतं की विषय एवढासाच आहे.

तेल जुन्या परातीत काढलं. काळपट झालं होतं, त्यात रबराचे कपटे होते. यांनी डाव्या हाताचं बोट बुडवलं, अंगठ्यावर घासलं, वास घेतला. परत घेतला. मग म्हणाले, "कपात पानी आन."

मी आणलं. यांनी त्यात तेलाचे थेंब टाकले. तेल पाण्यावर तरंगतं, हे चुलीपाशी उभं राहणाऱ्या कोणालाही माहीत असतं. हे तेल थोडंसंच तरंगलं. बाकीचं पाण्यात विरघळून गेलं.

यांनी कप बाजूला ठेवला. मला पुढचे नट काढायला लावले. दट्ट्या ओढून काढला तेव्हा त्यावरचे वायसर बघून मलाही कळलं की काहीतरी बरोबर नाही. रबर फुगलं होतं. बोटानं दाबलं तर भिजवलेल्या मनुक्यासारखं लिबलिबीत लागलं, कड तुटून हातात आली.

"ब्रेक ऑईल," हे म्हणाले.

"म्हंजे?"

"याच्यात ब्रेक ऑईल पडेल हाये. जॅकच्या रबराले ते चालत नही. महिन्या-दोन महिन्यात खाऊन टाकतं." मग थोडं थांबून म्हणाले, "मीच टाकलं."

"आठवतं तुम्हाले?"

"आठवत नही, तेच तं. माझ्याशिवाय इथी हात लावतं कोन?"

मी परातीकडे बघत राहिले. मला सगळं आठवत होतं.

खंडेनवमीला शेडमधली हत्यारं धुऊन दसऱ्याच्या पूजेला मांडतात. दर वर्षी हे स्वतः धुवायचे. अपघाताच्या आधीच्या नवमीला मुक्ताईनगरच्या बाजूला एक ट्रक बंद पडला होता आणि हे सकाळीच तिकडे गेले. संध्याकाळपर्यंत येणार नव्हते. मी म्हटलं, आपण करू. पाने, हातोडे, ऐरण, सगळं धुतलं, पुसलं. फळीवरच्या बाटल्यासुद्धा उतरवल्या. पाण्याच्या बाटल्यांत यांनी वेगवेगळी तेलं भरून ठेवलेली. कशावर काही लिहिलेलं नव्हतं. कुठली बाटली कशाची, ते हे जागेवरून ओळखायचे. मी फळी पुसली आणि बाटल्या परत लावल्या, उंच मागं, ठेंगण्या पुढं, जसे मी घरात डबे लावते.

मग जॅक धुवायला आडवा केला. त्याचा प्लग निघाला आणि सगळं तेल अंगणात सांडलं. मी घाबरले. माती टाकून ते झाकलं. जॅक तसाच रिकामा पूजेला मांडायचा हे मनाला पटेना. आपण पूजेत रिकामा तांब्या ठेवत नाही, त्यात घोटभर का होईना पाणी घालतो. मी फळीवरून तशाच रंगाच्या तेलाची बाटली घेतली आणि प्लगच्या भोकातून भरलं. पूर्ण भरलं. प्लग बसवला. हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. हे आल्यावर म्हणाले, "छान मांडलं गं." तेल सांडल्याचं मी बोलले नाही. तेल ते तेल, असं मला वाटलं होतं. माझ्या मनात तो विषय फक्त सांडण्याचा होता, दोन वर्षं.

त्या सकाळी परातीपुढे बसून मला कळलं की तीन बोटं मी घेतली.

मी लगेच बोलायला हवं होतं. आता लिहिताना सोपं वाटतं. तेव्हा मी परात उचलून कडेला ठेवली. हे उठले, हात न धुता घरात गेले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. मी नट-बोल्ट ताटात गोळा केले, राजगिरा निवडताना करते तसे एकेक वेगळे केले आणि झाकून ठेवले.

दोन दिवस हे शेडमध्ये आले नाहीत. तिसऱ्या दिवशी नेहमीचा एक ड्रायव्हर पिकअप घेऊन आला. दारातूनच ओरडला, "भाऊ, आवाज येऊन राह्यला पुढून. ऐका जरा."

"दुसऱ्याले दाखव," हे आतून म्हणाले.

"अहो, नुसतं ऐका ना. कान लावाचे पैसे घेता का आता?"

"माझ्या कानाचा बी भरवसा नही राह्यला. जाय."

तो हसला, त्याला मस्करी वाटली. मग माझ्याकडे बघितलं. "वहिनी, काय झालं भाऊले?" मी म्हटलं, तब्येत बरी नाही. गाडी गेली. तो आवाज मलाही ऐकू येत होता, खरखर. यांनी एका क्षणात ओळखलं असतं. कदाचित ओळखलं असेलही.

मी ठरवलं की आधी जॅक पुरा करायचा, आणि तो उभा राहिला की त्याच्यासमोर सांगायचं. आता वाटतं की ती वेळ काढण्याची युक्ती होती.

नवीन वायसरांसाठी जळगावला जायचं होतं. हे येणार नाही म्हणाले. मी फुगलेले वायसर पिशवीत घालून एकटी गेले, फैजपूर, भुसावळ करत. दुकानात सगळे पुरुष. मी बराच वेळ कडेला उभी राहिले, मग दुकानदारानंच विचारलं, "बोला मावशी." मी पिशवी पुढं केली.

त्यानं एक वायसर दोन बोटांत उचलला. "हे काय आणलंय? वायसर आहे का मुरांबा?"

बाकीचे वाकून बघायला लागले.

"ब्रेक ऑईल टाकलं बघा यानं," तो त्यांना म्हणाला. "कोण मिस्तरी आहे तुमचा? त्याला सांगा, जॅकमध्ये ब्रेक ऑईल टाकतोस, तर उद्या चहात मीठ टाकशील."

"मिस्तरीची चूक नाही," मी म्हटलं.

"मग कोणाची? जॅक स्वतःच पिऊन आला का?"

सगळे हसले. मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात कोणी बेअरिंग मागितलं, तो वळला, आणि माझं तोंड तसंच मिटलं. परत आला तेव्हा मी म्हटलं, "वायसरांचं किट द्या. आणि जॅकचं तेल. डब्यावर मराठीत लिहून द्या, मोठ्या अक्षरात."

त्यानं मार्करनं लिहून दिलं. "घ्या, पाटीच लावून दिली तुम्हाला."

येताना डबा मांडीवर होता. भुसावळपर्यंत मी त्यावरची अक्षरं वाचत आले. चौथीपर्यंत शिकले तेवढं मला पुरेसं होतं, जर बाटल्यांवर काही लिहिलेलं असतं तर. पण हेही मी स्वतःला सोडवण्यासाठीच म्हणत होते. विचारता आलं असतं. एक दिवस थांबता आलं असतं. सांडलं म्हणून सांगता आलं असतं, चार शब्द ऐकून घेतले असते आणि विषय संपला असता.

मी हट्ट धरला म्हणून हे पुन्हा शेडमध्ये येऊन बसले; जॅक परत जोडायला सहा सकाळी लागल्या. आतला प्रत्येक भाग रॉकेलनं धुतला. यांच्या जुन्या धोतराच्या चिंध्या केल्या, पण हे म्हणाले, एक धागा जरी आत राहिला तरी वॉल्व बसणार नाही, म्हणून फुंकून, उन्हात धरून बघितलं. वॉल्वमध्ये ज्वारीच्या दाण्याएवढा लोखंडी छर्रा असतो. तो हातातून निसटला आणि मी अर्धा तास जमिनीवर गुडघ्यांवर फिरले. सापडला तेव्हा हे म्हणाले, "तुझे डोये चांगले हायेत." एवढंच. पूर्वी यावर दोन-चार गमती केल्या असत्या. आता शिकवायचे, पण कोणी कागदावरचं वाचून दाखवावं तसं. मधेच विचारायचे, "बरोबर सांगतो ना मी?" मला विचारायचे. मी काय सांगणार.

तेल भरलं. वॉल्व सैल करून दांडा मारून हवा काढली. मग शेडमध्ये पडलेला ट्रॉलीचा जुना सांगाडा होता, त्याखाली जॅक लावला. यांनी आधी दोन्ही बाजूंना ठोकळे लावायला सांगितले. मी दांडा मारला. सांगाडा ठोकळ्यांवरून चार बोटं वर आला. यांनी खांबावर खडूनं रेघ मारली, सांगाड्याच्या बरोबरीनं.

दुपारी बघितलं. संध्याकाळी बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हे माझ्याआधी उठून तिथं जाऊन बसले होते. रेघ आणि लोखंड जिथल्या तिथं होतं.

"धरला," हे म्हणाले.

मला वाटलं होतं, आनंद होईल. यांनी खडूची रेघ तळहातानं पुसली. मग म्हणाले, "पाह्य, जॅकमधे काही खोट नव्हती. नळी चांगली, दट्ट्या चांगला, छर्रा चांगला. नुसतं तेल-वायसर बदललं न उभा राह्यला. म्हंजे बठ्ठं माझ्यावरच आलं."

तेव्हा मी बोलले. घाबरले की माझ्या तोंडी धुळ्याकडची माहेरची बोली येते. "ते तेल मी टाकेल शे," मी म्हटलं.

यांनी माझ्याकडे बघितलं.

मग मी सगळं सांगितलं. नवमी, ट्रक, सांडलेलं तेल, माती, बाटली, झेंडूची माळ. माझा आवाज मलाच बारीक ऐकू येत होता, पण मी थांबले नाही. माझं संपल्यावर यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला.

"येडी," म्हणाले. "माझ्यासाठी खोटं बोलून राह्यली."

"खोटं नही. देवाशपथ."

"तुले प्लग तरी माहीत होता का? त्या दिवशी कुठी म्हनून इचारलं तू. मी पायानं दाखवला तवा तुले दिसला."

"मी मुद्दाम इचारलं होतं."

"मुद्दाम कोन इचारतं?"

मी त्यांना ओढत अंगणात नेलं, तेल सांडलं ती जागा दाखवायला. दोन पावसाळे होऊन गेले होते, तिथं आता तुळस आणि जमीन होती, बाकी काही नव्हतं. बाटल्या कशा लावल्या ते सांगितलं, तर म्हणाले, त्या आता तूच लावतेस ना, म्हणून माहीत. भरायचं भोक, भरायची रीत, सगळं सांगितलं, तर म्हणाले, "मीच तं शिकवलं तुले, या महिन्यात." जे जे मी पुरावा म्हणून सांगितलं ते ते त्यांनीच मला शिकवलेलं होतं. मी रडायला लागले, तर त्यांना आणखीच खात्री पटली.

"बस झालं," म्हणाले. "कोनी माझ्यासाठी इतकं नही केलं. पन असं लोकाइले सांगू नको. हासतीन."

त्यानंतर मी तीनदा सांगून बघितलं. एकदा जेवताना, एकदा हे दाढी करून घेत होते तेव्हा, एकदा लेक भुसावळहून आली होती तेव्हा तिच्यासमोर. लेक म्हणाली, "आई, बाबांना वाईट वाटतं म्हणून किती ओढून घेशील अंगावर." आता मी सांगत नाही. म्हणून हे तिच्या उरलेल्या वहीत लिहिते आहे. वही कोणी वाचत नाही.

हे आता गाडी ऐकत नाहीत. कोणी फारच मागं लागलं तर ऐकतात, आणि शेवटी म्हणतात, "मले असं वाटतं, पन दुसऱ्याले इचारून घे." लोक दुसऱ्याकडेच जायला लागले आहेत, ते साहजिक आहे. जॅक मात्र लोक मागून नेतात, चांगला चालतो. नेणाऱ्याला हे ठोकळ्याचं बजावतात आणि मग स्वतःची गोष्ट सांगतात. बाटली बघितली नाही, ब्रेक ऑईल टाकलं, हा बघ हात. आधी ही गोष्ट सांगताना आवाज खाली जायचा. आता शेवटी थोडा वर येतो, कारण शेवटी माझा भाग येतो.

"न आमची ही काय म्हने, माहीत हाये का? म्हने, ते तेल मीच टाकलं. माझं मन राखाले. सोताच्या अंगावर घेऊन राह्यली."

"नशीबवान हाये भाऊ," समोरचा म्हणतो. "आमची तं जे आपन केलं नही ते बी आपल्यावर टाकते."

दोघं हसतात. यांच्या चेहऱ्यावर दिवसातून तेवढंच एकदा बरं दिसतं. मी चहा घेऊन उभी असते. ते दोघं माझ्याकडे बघतात. मी मान खाली घालते, आणि त्यांना वाटतं, मी लाजले.